सहावी सूना

गेलीं सात वर्षें आमच्या स्वयंपाकघराच्या मोरीचें पाणी तुंबत आहे. तुंबत आहे हा शब्दप्रयोगहि तितकासा बरोबर नव्हे. पाणी थांबत नाहीं, सावकाश जातें. भांडीं घासून झालीं म्हणजे ओट्यावरच्या सिंकमध्यें चार बोटें पाणी उभें राहतें, त्यावर तेलाचे डोळे तरंगतात, आणि आपण दुसरें एखादें काम उरकून परत यावें तों तें नाहींसें झालेलें असतें. पाणी पुरतें अडलें असतें तर त्याच दिवशीं माणूस बोलावून नळ उकलला असता. तें जात होतें म्हणूनच सात वर्षें निघालीं.

एवढ्याशा विषयानें मासिकाचीं पानें अडवावीं काय, अशी शंका वाचकांस येईल. ती मलाहि आली. महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवितांना मीं जीं उदाहरणें घेतलीं तीं बहुधा बुडत्या नौकेचीं, किंवा दाराशीं आलेल्या मारेकऱ्याला घरांत लपलेल्या मित्राचा पत्ता सांगावा कीं खोटें बोलावें, ह्या कांटच्या सुप्रसिद्ध पेंचाचीं. असा मारेकरी पंचावन्न वर्षांत माझ्या दाराशीं एकदांहि आला नाहीं. मोरी मात्र रोज समोर होती, आणि तिच्या बाबतींत माझ्या हातून जें घडलें तें कोणत्याहि पाठ्यपुस्तकांतील पेंचापेक्षां मला अधिक अवघड गेलें आहे.

आमचें घर रत्नागिरींतलें, जांभ्या दगडाचें, आजोबांच्या वेळचें. माझ्या लहानपणीं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत जमिनीलगत मोरी होती. तिचें पाणी भिंतींतल्या भोंकांतून बाहेर पडे, पन्हळीनें अळवाच्या वाफ्यांत जाई, तेथून केळींना, आणि उरेल तें माडाच्या आळ्यांत. तांदळाचें धुवण व खरकटें गुरांच्या वांट्यास जाई. भांडीं चुलींतल्या राखेनें व नारळाच्या सोडणानें घासलीं जात. राखेंत क्षार असतो आणि क्षारानें तेलाचा कांहीं अंश साबण होऊन पाण्याबरोबर जातो, हें आईला ठाऊक नव्हतें. पण पन्हळ तुंबली तर अळूं सुकतें हें ठाऊक होतें, आणि तेवढ्यावर तिचें चाले. ह्या जुन्या मोरीचा गौरव करण्याचा माझा हेतु नाहीं. उकिडवें बसून भांडीं घासण्यांत आईच्या कमरेची जन्माची माती झाली, आणि पन्हळींतल्या डांसांनीं आम्हां भावंडांना रात्रीं झोंप म्हणून लागूं दिली नाहीं. आठ वर्षांपूर्वीं मीं स्वयंपाकघर नवें केलें, उभ्याचा ओटा बांधला, तें पत्नीला आईचे हाल नकोत म्हणूनच. आणि तें योग्य झालें असें मला आजहि वाटतें.

त्यानंतर वर्षभरानें पाणी मंदावलें. ह्या मंदपणाला एक पंचांग आहे, हें ध्यानांत यायला मला तीन वर्षें लागलीं. गणपतीच्या मोदकांपासून तो सुरू होतो, दिवाळीच्या तळणीनंतर वाढतो, आणि मार्गशीर्ष-पौषांत कळसास पोंचतो. कारण उघड आहे. खोबरेल सुमारें २४ अंश सेल्सिअसला थिजतें; कोंकणांत थंडी ती काय, पण पौषांतल्या पहाटे बाटलींतलें तेल जसें पांढरें होतें तसेंच नळांतलें खोबऱ्याचें स्नेहद्रव्यहि होतें, आणि आमच्या स्वयंपाकांत नारळ नाहीं असा दिवस नसतो. वैशाखांत तें वितळतें, पाणी मोकळें वाहूं लागतें, आणि आपण केलेल्या कोणत्या तरी उपायाला यश आलें अशी घरांतल्या प्रत्येकाची समजूत होते. तेवढ्यांत फणसाचा हंगाम येतो आणि विळीचा चीक त्या नळांत जातो.

दोष कोणाचा, ह्याची चौकशी आमच्या घरीं अनेकदां झाली. मुलगी म्हणे, आई कढई न पुसतां सिंकमध्यें टाकते. पत्नी म्हणे, भांड्यांच्या मावशी शितें काढीत नाहींत. मावशींचें म्हणणें, सरांच्या वाटीला तूपच इतकें असतें. सर्वांचें खरें होतें, आणि कोणाचेंहि पुरेसें नव्हतें. एक वाटी, चार शितें, कढईचा एक ओघळ, यांतल्या कशानेंहि नळ तुंबत नाहीं. मायलीटसच्या युबुलिडीझच्या नांवावर असलेलें, इसवी सनापूर्वींच्या चौथ्या शतकांतलें एक कोडें येथें आठवतें: एका दाण्याची रास होत नाहीं, दोहोंची होत नाहीं, मग कितव्या दाण्यानें रास होते? तर्कशास्त्राच्या वर्गांत हें कोडें गंमतीचें. कुटुंबांत तें फार सोयीचें. ज्या अर्थीं कोणताहि एक दाणा रास करीत नाहीं, त्या अर्थीं माझ्या दाण्याचा दोष नाहीं, असें ज्याला त्याला म्हणतां येतें.

इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट ह्यानें १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' ह्या ग्रंथांत ह्या सोयीचें मूळच उकरलें आहे. त्याची कल्पना अशी: एक हजार छळणारे आहेत आणि एक हजार बळी. प्रत्येक छळणारा एकच कळ दाबतो, आणि तिनें प्रत्येक बळीची वेदना इतकी थोडी वाढते कीं ती त्याला जाणवूंहि नये. हजारांनीं कळ दाबल्यावर मात्र वेदना असह्य होते. ह्या हजारांपैकीं कोणालाहि 'माझ्यामुळें कोणास कांहीं झालें नाहीं' असें म्हणतां येईल काय? पार्फिटचें उत्तर, नाहीं. जीं कृत्यें मिळून घात करतात त्यांपैकीं आपलें एक आहे, एवढ्यानेंच तें वाईट ठरूं शकतें. लंडनमध्यें २०१७ सालीं व्हाइटचॅपल भागांतल्या गटारांत २५० मीटर लांबीचा, सुमारें १३० टनांचा थिजलेल्या चरबीचा गोळा सांपडला. तो फोडून काढायला कित्येक आठवडे लागले, आणि त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षीं तेथल्या वस्तुसंग्रहालयांत मांडला होता. त्या रस्त्यावरच्या घरोघरीं जाऊन विचारलें असतें तर प्रत्येकानें एक वाटी तेवढी कबूल केली असती.

आपल्याकडे ह्याच गोष्टीला संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशीं तीन नांवें आहेत. नळाच्या आंतल्या अंगाला बसलेला थर हें संचित, आज सिंकमध्यें उभें राहिलेलें पाणी हें प्रारब्ध, आणि आतां हातांत असलेली तेलकट कढई हें क्रियमाण. इतकें चपखल उदाहरण मला वेदान्तावरच्या टीकांत मिळालें नाहीं. तथापि एका ठिकाणीं तें तुटतें. जो करतो तोच भोगतो, असा कर्मविपाकाचा सिद्धान्त आहे. नळाचें तसें नाहीं. करणारा एका टोंकाला असतो, आणि दुसऱ्या टोंकाचें कांहीं त्याच्यापर्यंत पोंचूं नये अशीच नळाची रचना असते. सिंकखालच्या वांकड्या नळींत थोडें पाणी कायम राहतें, त्यामुळें गटाराची दुर्गंधी वर येत नाहीं. ही युक्ति अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें शौचकूपाच्या भांड्यासाठीं योजून १७७५ सालीं तिचें पेटंट घेतलें. आरोग्याच्या दृष्टीनें हा उपकार मोठाच. पण आपण जें पाठविलें त्याचा वासहि आपल्याकडे परत येईनासा झाला, हा तिचा दुसरा परिणाम.

मीं शोधलेला उपाय कॉस्टिक सोड्याचा. दर पंधरवड्यास दोन चमचे सोडा पाण्याबरोबर मोरींत ओतावयाचा. रसायन सोपें आहे: स्नेहद्रव्य आणि तीव्र क्षार मिळून साबण व ग्लिसरीन होतें, म्हणजे नळांतली घाण स्वतःच साबण होऊन निघून जाते. ह्या कल्पनेच्या सौंदर्यानें मी भारून गेलों होतों, आणि एकदोन सहकाऱ्यांना ती चहाच्या वेळीं ऐकविलीहि होती. पाणी चार दिवस बरें जाई. जवळचा थर सुटून पुढें सरकतो आणि दूरच्या आडव्या नळांत निवून पुन्हा बसतो, हें मला तेव्हां कळलें नाहीं.

गेल्या चैत्रांत एके सकाळीं पाणी मुळींच जाईना. मीं नेहमींच्या दुप्पट सोडा ओतला आणि तासाभरानें प्लंबरला बोलाविलें. तो पंचविशींतला मुलगा. मी मागल्या पडवींत वाचीत बसलों होतों. त्याला कांहीं सांगावें असें माझ्या मनांतहि आलें नाहीं. त्यानें सिंकखालीं बसून वांकडी नळी सोडविली, आणि आंतलें सगळें पाणी त्याच्या उजव्या हातावरून कोपरापर्यंत उतरलें. क्षणभर त्याला विशेष कांहीं वाटलें नाहीं. क्षार आधीं बुळबुळीत लागतो, आणि ती बुळबुळ आपल्याच कातडीची असते. मग तो अंगणांतल्या नळाकडे धांवला. मी बाहेर आलों तेव्हां हात पाण्याखालीं धरून त्यानें विचारलें, "सर, ह्यात काय ओतलंत?"

दवाखान्यांत गेलों. कातडी दोन ठिकाणीं गेली होती. तीन आठवडे त्याला काम करतां आलें नाहीं. औषधाचा खर्च आणि बुडालेली मजुरी मीं दिली, आणि ती देतांना हिशेब चुकता झाल्याचें जें समाधान वाटूं लागलें होतें तें त्याच्याच एका वाक्यानें गेलें. पैसे घेतांना तो म्हणाला, "असू दे सर, तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

मुद्दाम केलें नाहीं हें खरें. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकांत अज्ञानानें घडलेल्या कृत्याला क्षमा ठेविली आहे. पण जें अज्ञान आपल्याच बेफिकिरीनें आलें त्याला ती नाहीं, असेंहि त्यानेंच म्हटलें आहे. हा भाग मी कितीतरी वर्षें शिकवीत आलों आहें. माझें अज्ञान कोणतें होतें? सोड्यानें हात भाजतो हें मला ठाऊक होतें. तो ओततांना मी स्वतः रबरी हातमोजे घालीत असें. नळी कोणीतरी हातानें उघडणार हेंहि ठाऊक होतें, कारण मींच त्याला त्यासाठीं बोलाविलें होतें. दोन्ही गोष्टी माझ्याजवळ होत्या. त्या एकत्र आल्या नाहींत, एवढेंच. ह्या 'एवढेंच'ला शास्त्रांत काय नांव द्यावें तें मला अजून सुचलेलें नाहीं. द्वेष नव्हता, लोभ नव्हता, आळसहि फारसा नव्हता. सिंकमधून जें गेलें तें नाहींसें झालें, अशी एक समजूत मात्र हाडांत मुरलेली होती, आणि 'गेलें' ह्या क्रियापदानें ती मला रोज शिकविली होती. पाणी गेलें, घाण गेली, पीडा गेली, असें आपण म्हणतों. कोठें गेली हें न सांगतांहि वाक्य पुरें होतें.

त्या दिवसांत मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांतील पंचसूना मला वारंवार आठवल्या. (सूना म्हणजे वधस्थान. सून ह्या शब्दाशीं तिचें नातें नाहीं, जरी आपल्या स्वयंपाकघरांचा इतिहास पाहतां तसें कोणास वाटल्यास नवल नव्हे.) गृहस्थाच्या घरीं पांच सूना असतात: चूल, पाटा-जातें, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ह्या पांचांच्या ठिकाणीं रोज नकळत जीवहत्या होते. ती टाळतां येत नाहीं, कारण टाळायची तर स्वयंपाकच बंद केला पाहिजे; म्हणून तिच्या निष्कृतीसाठीं रोजचे पांच महायज्ञ सांगितले आहेत. ह्यांतली एक गोष्ट मला फार खोल वाटते. मुद्दाम केलें नाहीं म्हणून हिशेबच नको, असें येथें म्हटलेलें नाहीं. लहान, नकळत आणि अटळ अशा हानीचेंहि ऋण धरलें आहे, आणि तें एकदां दंड भरून फिटत नाहीं.

पण ह्या यादींत मोरी नाहीं. घरांत पाणी येतें त्या घड्यापाशीं मुंगी मेली तर तिची नोंद आहे. तेंच पाणी घराबाहेर पडतें तेथें कोण उभा आहे, ह्याची नाहीं. हें विस्मरण निरुपद्रवी म्हणतां येत नाहीं. त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायानें कांहीं माणसांची वस्ती गांवाबाहेर ठरविली, आणि शतकानुशतकें घराबाहेर गेलेली घाण उचलण्याचें काम जन्मानें ठरलेल्या माणसांच्या माथीं राहिलें; मग दुसऱ्या टोंकाला कोण आहे हें विचारण्याची गृहस्थाला गरजच उरली नाहीं. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकरांच्या परिषदेंत तो ग्रंथ जाळण्यांत आला. मी तो अजून वाचतों, आणि पंचसूनांच्या कल्पनेविषयीं मला आदर आहे. पण त्या होळीचें कारण गेल्या चैत्रापर्यंत मला पुस्तकांतूनच माहीत होतें, हें कबूल केलें पाहिजे.

आमच्याच गांवच्या तुरुंगांत १९३२ सालीं एका सत्याग्रही कैद्यानें ह्या दुसऱ्या टोंकाचा हट्ट धरला होता. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक कोंकणचे गांधी म्हणत, त्यांनीं तुरुंगांतील मैला साफ करण्याचें काम आपणांस द्यावें अशी मागणी केली. तें काम ठराविक जातींच्या कैद्यांकडेच असे. अप्पासाहेबांना त्यांच्या जातीमुळें नकार मिळाला, आणि त्यांनीं उपोषण आरंभिलें. डिसेंबरच्या आरंभीं येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या गांधीजींनीं सहानुभूतीचें उपोषण केलें, तेव्हां सरकारला लक्ष घालावें लागलें. ही हकीकत मीं शाळकरी वयांत ऐकली तेव्हां ती मला थोडी विक्षिप्त वाटली होती. काम मिळावें म्हणून, आणि तेंहि असलें, कोणी उपाशीं राहतो काय? आतां तसें वाटत नाहीं. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेबांनीं मैल्याचें खत होईल आणि तो कोणाला हातानें उचलावा लागणार नाहीं अशा संडासावर परिश्रम घेतले. गोपुरी संडास ह्या नांवानें तो ओळखला जातो. आधीं स्वतः हात घातला असल्यामुळें दुसऱ्याचा हात कोठें लागतो हें त्यांना नेमकें कळलें असावें, असा माझा तर्क आहे. आज हातानें मैला उचलविणें व संरक्षणाच्या साधनांवांचून माणसाला गटारांत उतरविणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तरी ऑक्टोबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयाला गटारांतील मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करावी लागली. त्या मानानें माझ्या प्लंबरच्या हाताची गोष्ट किरकोळ आहे, असें म्हणण्याचा मोह मला झाला होता. तो झाला होता म्हणूनच येथें नमूद करतों.

हात बरा झाल्यावर, ज्येष्ठांत पावसाच्या आधीं, तोच मुलगा पुन्हा आला. दुसऱ्याला बोलावणें मला बरें वाटेना, आणि त्यालाहि कामाची गरज होती. या खेपेस मी त्याच्या शेजारीं बसलों. सोडा बंद करून दोन महिने उलटले होते, तरी हातमोजे दोघांनींहि घातले. त्यानें आपले आणले होते. लादी काढून सबंध नळ उकलला तेव्हां आंत मेणासारखा पांढरट थर निघाला, त्यांत काथ्या, शितें आणि फणसाच्या चिकाच्या काळपट दोऱ्या. तो हातानें काढतांना मला शिसारी आली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. कांहीं वेळानें त्यानें हात थांबवून विचारलें, "सर, हा नळ असा घराभोवती का फिरवलात? मागच्या भिंतीतून काढला असतात तर सहा फुटांत बाहेर."

आठ वर्षांपूर्वीं गवंड्यानेंहि हेंच सांगितलें होतें. मागच्या भिंतीबाहेर केळी आहेत आणि केळींसमोर माझी पडवी. वाचायला बसल्यावर सांडपाणी डोळ्यांसमोर नको, म्हणून नळ जमिनीखालून दोन वळणें घेऊन चाळीस फुटांवरच्या शोषखड्ड्यांत न्यावा, असा आग्रह माझा होता. उतार मिळत नाहीं असें गवंडी म्हणाला. "बसव कसा तरी" असें मीं सांगितलें. तूप, शितें, कढई आणि चीक ह्यांची चौकशी आम्हीं सात वर्षें चालविली, आणि उताराचा विषय तींत एकदांहि निघाला नाहीं. निघता, तर तो माझ्यापाशीं येऊन थांबला असता. मीं त्या मुलाला खरें तें सांगितलें. तो हंसला आणि म्हणाला, "आता दिसेल रोज."

पाणी आतां मागल्या भिंतींतून एका उघड्या कुंडींत पडतें. कुंडीवर जाळी आहे, आणि तेथून तें केळींकडे जातें. तेलकट भांडीं आधीं जुन्या वर्तमानपत्रानें पुसतों आणि तो कागद सकाळीं बंबांत घालतों. दिवाळींत चार दिवस आंघोळीच्या पाण्याला चकलीचा वास येत होता अशी घरांत तक्रार आहे. त्याचा धूर कोणाकडे जातो, असें मुलीनें विचारलें. शेजाऱ्यांच्या आगरांत जातो, हें मला कबूल करावें लागलें. भांड्यांच्या साबणानें केळींच्या पानांच्या कडा तांबूस होतात असें पत्नीचें म्हणणें. मला अजून तसें दिसलेलें नाहीं, पण माझें दिसणें कितपत विश्वासाचें ह्याचा अनुभव ताजा आहे, म्हणून एक केळ आम्हीं विहिरीच्या पाण्यावर वेगळी ठेवली आहे.

सध्यां पौष चालू आहे. काल रात्रीं सिंकमध्यें दोन बोटें पाणी राहिलें. सकाळीं वाचायला बसण्याआधीं मीं कुंडीवरची जाळी उचलून पाहिली; तिला खालून पांढरी साय धरली होती. तेवढ्यांत मावशी आल्या आणि ती खरवडायला त्यांनीं हात पुढें केला. त्यांना थांबवून हातमोजे आणायला मी आंत गेलों, तेव्हां लक्षांत आलें कीं घरांत हातमोज्यांचा अजून एकच जोड आहे, आणि तो माझ्या मापाचा.